एकसष्टावा भाग

९ जानेवारी

रेडिओ,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते लिहिले आहेत असं समज आणि पुढे वाच.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, तेव्हा फिटंफाट. आज लिहितोय तेही माझ्या हौसेने नाही, बाबांमुळे. घरात टीव्ही आहे तो तुझ्या वहिनीसाठी. हो, माझं लग्न झालं, सहा वर्षं झाली. तुला बोलावणार कुठल्या पत्त्यावर? सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात वाजता ती एक मालिका लावते, पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातली. समुद्रकाठचं गाव, फेरीबोटींचा धंदा, एक म्हातारा बाप आणि त्याचे दोन मुलगे. एक बोट बुडते, थोरला म्हणतो धाकट्यामुळे बुडाली, धाकटा घर सोडतो आणि पलीकडच्या काठावर स्वतःच्या बोटी सुरू करतो. मग दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत बसतात. माणसं त्यांची, बोलणं आपल्या भाषेत. माणसाचं तोंड मिटलं तरी शब्द चालूच राहतात, त्याचं मला आधी हसू यायचं.

त्या वेळी बाबा आतल्या खोलीत पलंगावर पडलेले असतात. तिसऱ्या भागाला ते उठले, भिंत चाचपत बाहेर आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "आवाज वाढव. आपला रेडिओ बोलतोय." मी म्हटलं, बाबा, तो मालिकेतला धाकटा भाऊ आहे, परदेशी नट आहे. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या दिवसापासून ते पावणेसातला दाढी करून खुर्चीत येऊन बसतात. तू बोललास की मान डोलावतात, दुसरं कुणी बोललं की मला विचारतात, हा अजून किती वेळ बोलणार आहे.

मग मी स्वतः चार भाग कान देऊन ऐकले. तूच आहेस. लहानपणी तुझं तोंड बंद होत नसे म्हणून तुला रेडिओ म्हणायचो, आता खरंच पेटीतून बोलतोस. शेवटी अक्षरं पळतात त्यातून स्टुडिओचं नाव आणि पत्ता तुझ्या वहिनीने तीन संध्याकाळ टीव्हीला नाक लावून उतरवून घेतला.

आता मुद्द्याचं. बाबांना उजेडसुद्धा कळत नाही. पंचाहत्तरी उलटली. मधुमेहाने बोटं बधिर झाली आहेत. दुकानात फोटोफ्रेम जोडून झाली की कोपऱ्यावरून अंगठा फिरवून जोड बसलाय की नाही ते सांगायचे, तेही अलीकडे चुकतं. माणूस ओळखायला त्यांच्याकडे कान तेवढे उरलेत. एक दिवस ये, त्यांच्यासमोर बस आणि चार शब्द बोल. माझ्याशी नको बोलूस हवं तर. येणं जमत नसेल तर फोन कर. दुकानाचा नंबर तोच आहे, घरचा खाली दिलाय.

दादा


२४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र स्टुडिओत पडून होतं, तिथल्या ध्वनिमुद्रकाने घरी पाठवलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. अजून तसंच, प्रत्येक अक्षर काटकोनात.

बाबांना सांग, बरोबर ओळखलंत. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, डोळे सांभाळा, टीव्हीपासून लांब बसा.

येणं आत्ता जमणार नाही. काम आहे. फोनही करणार नाही आणि तूही करू नकोस. कारण विचारू नकोस, पत्र लिही. पत्राला मी उत्तर देईन.

तुला हसू आलं म्हणून कामाचं थोडं सांगतो. एक लहानशी खोली असते, भिंतींना जाड अस्तर, समोर पडदा, कानात मूळ नटाचा आवाज. त्याने तोंड उघडलं की आपण उघडायचं, त्याने मिटलं की मिटायचं. संवाद लिहिणाऱ्याने वाक्य लांबवलं की मग तुला दिसलं तसं होतं. शब्द बोलणं सोपं आहे. जिना चढता चढता बोलणं, आवंढा गिळणं, रडू आवरणं, हे नुसतं उभं राहून करायचं, त्यात जीव जातो. आणि एक गंमत सांगतो. मालिकेतल्या थोरल्याला ज्याने आवाज दिलाय त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. त्याची पाळी सकाळी, माझी दुपारी. आमची भांडणं तिसराच माणूस यंत्रावर जोडतो. साठ भाग आम्ही एकमेकांचे गळे धरले, पण रस्त्यात समोर आला तर ओळखणार नाही.

चार शब्द बोल म्हणतोस. तू मला शेवटचे शब्द बोललास ते दुकानाच्या पायरीवर, दोन गिऱ्हाइकांसमोर. "बाबांचे डोळे तू घालवलेस." मी तेव्हा नाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यायचं माझ्याकडे होतं आणि मी आवाजाच्या चाचणीला गेलो. वाटलं, तासाभरात परत येईन. तारीख चुकली, पुढची दोन महिन्यांनंतरची मिळाली आणि ती यायच्या आधीच अंधार झाला. त्या चाचणीत मी पास झालो होतो, हे तुला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. तोच आवाज बाबा आता खुर्ची ओढून ऐकतायत. यावर काय बोलायचं ते मला कळत नाही.

ते रोज काय म्हणतात तेवढं मात्र लिहीत जा. बारीकसारीकही लिही.

रेडिओ


६ फेब्रुवारी

रेडिओ,

काम आहे म्हणतोस. मलाही आहे. काच कापतो, पट्ट्या कापतो, बाबांना अंघोळ घालतो, त्यांच्या इन्सुलिनच्या वेळा सांभाळतो. आम्ही रिकामटेकडे आहोत असा तुझा समज असेल तर तो काढून टाक.

तू नको म्हटलंस तरी मी स्टुडिओत फोन केला. एक मुलगी म्हणाली, ते फोनवर येत नाहीत. मी म्हटलं, त्यांचा सख्खा भाऊ बोलतोय. ती जरा घुटमळली आणि पुन्हा तेच म्हणाली. बरं आहे. मोठा माणूस झालास, मधे माणसं ठेवलीस.

तू मागितलंस म्हणून लिहितो. बाबा आता मालिकेशी बोलायला लागलेत. तू पलीकडच्या काठावर पहिली बोट पाण्यात सोडलीस तेव्हा म्हणाले, सावकाश, दोर बघ. तो थोरला तुझ्या बोटीचा परवाना अडवतो तेव्हा त्यांनी खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटली. त्या थोरल्याचा आवाज असा आहे की त्याला दोन ठेवून द्याव्यात असं मलाही वाटतं. मग लक्षात येतं, खोलीत थोरला म्हणून मीच बसलोय. तुझी वहिनी हसते. मला हसू येत नाही.

परवा मात्र त्यांनी एक अजब गोष्ट सांगितली. भाग संपल्यावर म्हणाले, त्याचा घसा बसलाय. मी म्हटलं, मला तर काही फरक वाटला नाही. म्हणाले, "तुला नाही कळायचं. पाच-सहा भागांपासून आवाज फाटतोय. त्याला कळव, गरम पाणी पी, कामं कमी घे." तेव्हा कळवलं. डोळे गेलेल्या माणसाला तुझ्या घशाची काळजी आहे आणि तुला गाडीत बसून इथवर येता येत नाही.

ते मला रोज एकच विचारतात, तो काही म्हणाला का. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, पायरीवरचं सोडून. त्यांनी ते पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. म्हणाले, "कागद बोलत नाही रे." तू किती दिवस ताणणार आहेस ते मला सांग.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

बाबांना सांग, गरम पाणी पितो. त्यांच्या कानाला तोड नाही. स्टुडिओत चार जण कानाला यंत्र लावून बसतात, त्यांच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

मी ताणत नाही, दादा. एवढं तरी खरं मान.

एक काम कर. बाबांचा एकही भाग चुकवू नकोस. वीज गेली तर शेजारी घेऊन जा. आणि अठ्ठावन्नाव्या भागाला तू स्वतः दुकान लवकर बंद करून घरी बस. पुढची गोष्ट सांगायची आम्हाला मनाई असते, म्हणून जास्त लिहीत नाही. त्यात धाकटा बापासमोर येऊन उभा राहतो आणि त्याला हाक मारतो. ती मी मनापासून मारली आहे. मला काय बोलायचं होतं ते तीत आहे. बाबा त्या वेळी काय म्हणतात ते जसंच्या तसं लिही, एक शब्द गाळू नकोस.

रेडिओ


१८ मार्च

तुला नावाने हाक मारायचीही इच्छा नाही.

अठ्ठावन्नाव्या भागाला मी घरी होतो. तुझी वहिनी होती, शेजारच्या काकू होत्या. बाप अंथरुणावर, तू दारातून आत येतोस आणि म्हणतोस, "बाबा, मी आलोय." आमचे बाबा म्हणाले, "ये." एवढंच म्हणाले. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसून राहिले, मालिका संपून बातम्या लागल्या तरी. मी आत जाऊन रडलो. तुला उत्तर लिहायला बसणार होतो, लिहिणार होतो की झालं गेलं विसरू.

आणि एकसष्टाव्या भागाला तू नाहीस. तोच नट, तेच कपडे, तोंडातून भलताच आवाज. दोन वाक्यं झाल्यावर बाबा म्हणाले, हा तो नाही. मी म्हटलं, घसा बसलाय, तुम्हीच म्हणत होतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि टीव्ही बंद करायला सांगितलं. बासष्टाव्याला बाहेर आले नाहीत. त्यानंतर दाढी केलेली नाही. दोन घास खातात आणि ताट सरकवतात.

मी सरळ विचारतो. बाबा ऐकतात हे तुला माझ्याकडून कळलं आणि तू काम सोडलंस. हो की नाही? माझ्यावरचा राग काढायला तुला दुसरी जागा मिळाली नाही का? पायरीवर मी जे बोललो त्याचं उट्टं तू आंधळ्या म्हाताऱ्यावर काढलंस.

आता माझा मूर्खपणाही ऐक. चार दिवसांपूर्वी बाबांनी काहीच खाल्लं नाही. लहानपणी फोनवर आपले आवाज लोकांना सारखे वाटायचे, म्हणून मी दुकानातून घरी फोन लावला, वहिनीने तो त्यांच्या कानाला धरला आणि मी तुझ्यासारखा बोललो. म्हटलं, बाबा, मी रेडिओ बोलतोय, कसे आहात, कामात आहे, जेवत जा. चांगलं जमतंय असं वाटत होतं. त्यांनी सगळं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "थोरल्या, कुलूप नीट लाव आणि घरी ये."

घरी आलो तर त्यांनी वहिनीला विचारलं, कुलूप लावून आलाय ना हा. तेव्हापासून मी काहीही सांगितलं, दूध आलं, पाऊस पडतोय, तरी ते खरं का खोटं म्हणून वहिनीला विचारून घेतात. हेही तुझ्यामुळेच.

दादा


२७ मार्च

दादा,

मी काम सोडलं नाही. कामाने मला सोडलं. आता सगळं लिहितो, आधी लिहायला हवं होतं.

दोन डिसेंबरला माझं ऑपरेशन झालं. घशात गाठ होती, ती आवाजाच्या पेटीत उतरली होती. पेटी काढून टाकली. मी श्वास घेतो तो गळ्याला पाडलेल्या भोकातून. आवाज नाही. बारीक नाही, घोगरा नाही, अजिबात नाही. खिशात एक पाटी असते, तिच्यावर लिहून दुकानात सामान मागतो. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दीड महिना आधी हे होऊन गेलं होतं.

मालिकेचे आवाज आधी भरतात आणि मग ती दाखवतात, हे तुला सांगायला हवं होतं. मी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत भरत होतो. डॉक्टर ऑक्टोबरातच ये म्हणत होते. मी म्हटलं, जेवढे भाग होतील तेवढे करतो. साठ झाले. अठ्ठावन्नाव्यातली ती हाक सतराव्यांदा नीट आली आणि रुमालाला रक्त लागलं. बाबा ऐकतील हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. तरी ती मी त्यांनाच मारली होती.

का लपवलं विचारशील. तुझं पत्र आलं तेव्हा मी दीड महिना कुणाशी बोललो नव्हतो, पाटी घ्यायचीही लाज वाटायची. आणि तू लिहिलंस की मी रोज संध्याकाळी तुमच्या घरात बोलतोय आणि बाबा मान डोलावतायत. दादा, जगात तेवढी एकच जागा होती जिथे मी अजून बोलत होतो. ती मला माझ्या हाताने बंद करवेना. साठ भाग संपले की कळवू असं ठरवलं होतं. रोज कॅलेंडरवर भाग मोजायचो. एकसष्टाव्याची तारीख आली आणि पत्र लिहायचं धैर्य झालं नाही. तू शिव्या दिल्यास तेव्हा झालं.

डोळ्यांची शिक्षा म्हणून मला हे मिळालं असं मी धरून चाललोय. त्यात माझी तक्रार नाही. पण त्यांनी जेवायला हवं. त्यांना खरं सांग.

धाकटा


२ एप्रिल

रेडिओ, माझ्या बाळा,

तुझं पत्र दुकानात उघडलं. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला मी काय दिलं आणि काय सांगितलं मला आठवत नाही.

बाबांना सांगितलं, त्याच संध्याकाळी, पत्र वाचून. त्यांनी विचारलं, "हे कधी रचलंस?" मी शपथा घेतल्या. वहिनीने घेतल्या. म्हणाले, तीही तुझीच बायको. फोनचं ते सोंग मी केलं नसतं तर आज त्यांनी ऐकलं असतं.

आता तुझ्या त्या शिक्षेबद्दल. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही. ऐक, आणि मग मला हवं ते म्हण. दोन महिन्यांनी बाबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा तू निघून गेला होतास. त्यांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, आतल्या शिरा वर्षापूर्वीच सुकल्या आहेत, पहिल्या तारखेला ऑपरेशन झालं असतं तरी काही उपयोग नव्हता. कुणाचीच चूक नाही. मी ते ऐकलं, बाबांचा हात धरला आणि घरी आलो. कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षं सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून असं आधी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे बाबा दर चार दिवसांनी तुझं नाव काढायचे. त्यांच्याजवळ राहिलो मी आणि आठवण तुझी. तुझ्या माथी तेवढा एक दोष राहू दे असं मला वाटायचं. इतका मी कोता माणूस आहे.

पायरीवर बोललो ते रागात बोललो. त्यानंतर गप्प बसलो ते थंड डोक्याने. त्याला माफी नाही आणि मी ती मागतही नाही. तू ये. तुझा हात त्यांच्या हातात दिला तर त्यांना कळेल. बापाला कळायलाच हवं. गाडीची वेळ कळव, मी स्टेशनवर उभा राहतो.

दादा


२७ एप्रिल

रेडिओ,

बाबा परवा गेले. सकाळी चहा घ्यायला उठवलं तर उठले नाहीत. स्टुडिओत निरोप ठेवला होता, पण तू इस्पितळात उपचारांना गेलेला, तिथे तो पोचला की नाही कोण जाणे. हे पत्र मिळेल तेव्हा सगळं उरकलेलं असेल. तू बारा दिवस इथे होतास, आणि परत गेल्याला आठवडाही झाला नाही.

मला एक दृश्य बाजूला करता येत नाही. तू आलास त्या दिवशी मी तुला आत नेलं आणि म्हटलं, बाबा, रेडिओ आलाय, त्याचा गळा कापलाय, त्याला बोलता येत नाही, हात लावून बघा. त्यांनी हात पुढे केला नाही. मग म्हणाले, "थोरल्या, मागे आवाज आणलास, आता माणूस आणलास." आणि तुझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, बसा. तुमचा काही दोष नाही. हा मला बरं वाटावं म्हणून काहीही करतो." तू त्यांच्या तळहातावर बोटाने नाव लिहिलंस, तर त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, हेही यानेच शिकवलं असेल. पोटच्या पोराला ते बारा दिवस अहो-जाहो करत राहिले आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं. डोळ्यांचं खरंही मी त्यांना सांगून टाकलं. म्हणाले, हेही तू त्याच्यासाठी सांगतोयस. जन्मभर खोटं बोललो असतो तर समजू शकलो असतो. एकदाच बोललो, फोनवर, तेही त्यांनी जेवावं म्हणून.

तू मात्र कमाल केलीस. दुकानात नवा कारागीर आलाय असं त्यांना समजू दिलंस आणि घरीच त्यांच्याजवळ फ्रेमच्या पट्ट्या घासत बसलास. ते पुन्हा जेवायला लागले, तुझ्या हाताने.

एक विचारायचं आहे. तू निघायच्या आदल्या दुपारी मी दुकानातून लवकर आलो, तेव्हा बाबा तुझ्याशी काहीतरी बोलत होते. मला पाहून, म्हणजे माझी पावलं ऐकून, थांबले. तुझा चेहरा वेगळाच दिसत होता. मी विचारलं तर तू पाटीवर लिहिलंस, नंतर. काय म्हणाले ते? माझ्याबद्दल काही वाईट म्हणाले असतील तरी लिही.

दादा


८ मे

दादा,

निरोप मिळाला होता, तीन दिवस उशिरा. मी त्या दिवशी घशाला किरण देतात त्या यंत्राखाली पडून होतो. इथे नर्सने विचारलं, कोण गेलं. मी पाटीवर ‘वडील’ लिहिलं आणि पुसलं.

तुझ्याबद्दल ते वाईट काही म्हणाले नाहीत. त्या दुपारी मी एक पट्टी पॉलिश पेपरने घासत होतो. आवाज ऐकून म्हणाले, "तुमच्या हाताला चांगली सवय आहे. कुणाकडे शिकलात?" मी घासणं थांबवलं. उत्तर येणार नाही हे त्यांना आठवलं असावं, कारण लगेच म्हणाले, राहू द्या, मुक्या माणसाला मी काय विचारतोय. मी मुका आहे यावर त्यांचा विश्वास होता. मी त्यांचा आहे यावर नव्हता.

मग आपण होऊन बोलायला लागले. तू रागीट आहेस पण तुझ्यासारखं कुणी केलं नसतं, असं म्हणाले. ते तुझ्यासमोर कधी म्हणाले नसतील म्हणून लिहितो. मग माझ्यावर आले. म्हणाले, "धाकटा माझ्या डोळ्यांमुळे येत नाही. त्याला वाटतं मी मनात धरलंय. डोळ्यांचं मला काही नाही हो, म्हातारपणी कुणाचे धड असतात. मी ऐकतोय हे कळलं म्हणून त्याने ते कामही सोडलं. लाजला असेल." मी तिथे बसलो होतो, दादा. त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता. मी तोंड उघडलं, गळ्यातून नुसती हवा आली आणि त्यांनी विचारलं, तुम्हाला दमा आहे का.

शेवटी म्हणाले, "तो येईल कधीतरी, तेव्हा मी नसेन. तुम्ही दुकानात असलात तर माझं एक काम करा. मी रोज वाट पाहत होतो हे त्याला कळू देऊ नका. त्याच्या जिवाला लागेल. म्हातारा मजेत होता असं कळवा."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, "कराल ना एवढं?" मी त्यांचा हात धरून दाबला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, "उपकार झाले तुमचे," म्हणाले आणि तुझी पावलं ऐकून गप्प झाले.

धाकटा